नागरिकशास्त्राला नोटिशीचं कव्हर

बाई,

काल नातीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक हातात आलं आणि तुमची अशी आठवण झाली की दिवसभर दुसरं काही सुचेना. उलव्याला लेकीकडे गेले होते. नात सहावीत आहे. नागरिक म्हणजे कोण, त्याचे हक्क कोणते, असं मी तिला विचारायला लागले, तर ती म्हणाली, "आजी, तू कशाला टेन्शन घेतेस? नागरिकशास्त्र थोड्याच मार्कांचं असतं. आदल्या दिवशी वाचलं तरी होऊन जातं." मला असा संताप आला म्हणून सांगू! पण पोरीचा काय दोष, तिला शिकवायला तुम्ही नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चार भांडी आपटली. लेकीने "काय झालं गं?" विचारलं, तर तिलाही धड सांगता येईना. तुम्हाला जाऊन चाळीसएक वर्षं होत आली. तरी आज वही घेऊन बसले आहे, आणि तेव्हा जे तोंडातून निघालं नाही ते लिहून काढणार आहे.

तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं आणि मी सहावीत होते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला आमचं गाव. रस्त्यापलीकडे कारखान्यांची धुराडी दिसायची, पण अलीकडे भातशेती, मिठागरं आणि मासळी एवढाच आमचा पसारा. 'नवी मुंबई' हे नाव अजून आमच्या तोंडात बसलं नव्हतं. मोठी माणसं नुसतं "शहर येतंय" म्हणायची, पाहुणा येतोय म्हणावं तसं. तुम्ही सातारकडच्या. एक पत्र्याची ट्रंक, एक छत्री आणि ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन आमच्या शेजारच्या घरात मागच्या खोलीत राहायला आलात. आई म्हणाली, "एकटी बायमानूस, त्यात मासली खात नाय, जगंल कशी?" म्हणून रोज सकाळी मला तांदळाची भाकरी घेऊन तुमच्याकडे धाडायची. पहिल्या दिवशी तुम्ही ती उजेडासमोर धरलीत आणि म्हणालात, "अगं, ही भाकरी म्हणायची का पापड? ह्यातनं पलीकडचं दिसतंय की!" मला इतका राग आला! मी विचारलं, "मग तुमची कशी असते?" दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्वारीची थापून दिलीत, ती आमच्या घरात आजीपासून कुणालाच चावेना. तिथून आपलं जमलं.

मी सातवीत गेले त्या वर्षी दिवाळीनंतर नोटिसा आल्या. नवं शहर वसवायचं, त्यासाठी सरकार जमिनी घेणार. तलाठी कागदांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरला आणि आमच्या गावाने एकमुखाने एक शहाणपणा केला. एकानेही कागद घेतला नाही. कुणी म्हणे घरधनी खाडीवर गेलाय, कुणी भर दुपारी दार लावून घेतलं. बाबा तर ओटीवर बसून हसत होते. "कागद घेतलाच नाय तं त्यांनी दिला कसा? आन दिलाच नाय तं जमीन जाईल कशी?" सगळ्या गावाला हे पटलेलं. तलाठ्याने निमूटपणे खळीचा डबा उघडला, प्रत्येक दारावर एकेक नोटीस डकवली आणि तो निघून गेला. बाबांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. कागद चांगला जाड होता, आणि पुस्तकांना घालायला खाकी कागद आमच्या घरात कधी येत नसे. मी पाण्याचा हात लावून ती नोटीस अलगद सोडवली, उन्हात वाळवली आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकाला झकास कव्हर घातलं. वर कोपऱ्यात माझं नावही लिहिलं.

सोमवारचा तास. मी पहिल्या रांगेत उभी राहून मोठ्याने वाचतेय. तुम्ही फळ्याकडून माझ्याकडे येता आणि मध्येच थांबता. "आत्ता गं बया! हे कव्हर कुठनं आणलंस?" मला वाटतं कौतुक चाललंय. मी ऐटीत सांगते, "दारावरचं हाय, बाई." तुम्ही पुस्तक माझ्या हातातून घेता, उलटंपालटं करता आणि तुमचा चेहरा बदलतो. मग तुम्ही धड्याऐवजी ते कव्हरच वाचून दाखवलंत, एकेक शब्द फोडून. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्याची हरकत असेल त्याने मुदतीत लेखी कळवावी, मागाहून आलेली विचारात घेतली जाणार नाही. मुदतीतले नऊ दिवस उरले होते. "घेतली नाही म्हणजे लागू होत नाही, असं कुणी सांगितलं तुमच्या बापांना? दारावर डकवली म्हणजे पोचली!" तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की शेजारच्या वर्गातले हेडगुरुजी डोकावून गेले.

आमचं तर घरच त्यात होतं. जुन्या गावठाणात दाटी झाली म्हणून आजोबांनी तळ्यापलीकडे स्वतःच्या शेतात घर बांधलेलं, आणि त्यांचं बघून तिथे आणखी दहाबारा घरं उठलेली. सरकारी नकाशात ती सगळी ओळ शेतच होती. शेताबरोबर राहतं घरही जाणार हे मला त्या तासाला कळलं. संध्याकाळी तुम्ही आमच्या ओटीवर येऊन बाबांना समजावलंत, पण ते काही केल्या ऐकेनात. "बाई, सरकारशी कोन भांडनार? आन अर्ज केला म्हंजे कागद घेतला असाच होईल ना?" तुम्ही म्हणालात, "भांडायचं नाही, दादा, सांगायचं. त्यांना ठाऊकच नाही की हितं माणसं राहतात." मग बाबा म्हणाले, "तं तुमीच लिवून द्या." तुम्ही मान हलवलीत. "मी नाही लिहिणार. घर तुमचं, लेक तुमची. ती लिहील. तिला येतंय." आई आतून काळजीने बोलली, "बाई, तुमची सरकारी नोकरी हाय. कोनाला कललं तं?" तुम्ही हसून पदर खोचलात आणि उठलात. माझ्या मनात मात्र आईचं ते वाक्य रुतून बसलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं नागरिकशास्त्र पुस्तकातून उठून गावात आलं. तळ्यापलीकडच्या घरांतली आम्ही सगळी मुलं तुमच्या खोलीत जमायचो. तुम्ही आम्हाला घराची चतुःसीमा काढायला लावलीत, म्हणजे घराच्या चारी दिशांना काय काय आहे ते घरच्यांना विचारून लिहून आणायचं. घरात कोण राहतं, कधीपासून, पाणी कुठल्या विहिरीचं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'साहेब, आम्हा गरिबांवर दया करा.' तुम्ही ती ओळ खोडलीत, आणि अशी खोडलीत की कागद फाटला. "दया कुणाकडं मागतेस? तू ह्या देशाची नागरिक आहेस का भिकारी? तुझं काय आहे ते नीट सांग आणि खाली सही घे." तुमचा वातीचा स्टोव्ह भुरभुरतोय, पिठलं रटरटतंय, आम्ही जमिनीवर पालथं पडून कार्बन घालून दोन दोन प्रती करतोय आणि सगळ्यांची बोटं निळी झालीत. एक प्रत त्यांची, एक आपली, आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय ऑफिसातून पाय काढायचा नाही. त्याला पोच म्हणतात, हे मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकले.

आणखी एक नियम तुम्ही घातला होतात. वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावायचा नाही. म्हणून मी ओटीवर बसून बाबांना अर्ज वाचून दाखवला. चतुःसीमा विचारली तेव्हा आधी ते वैतागले होते, पण एकदा सुरू झाले ते थांबेनात. उगवतीला चुलत्याचं घर, मावळतीला मिठागराची वाट, वरच्या अंगाला तळं, खालच्या अंगाला खळं आणि आजोबांनी लावलेला आंबा. सगळं मी लिहिलं होतं. बाबा म्हणाले, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. "आनखीन एकदा." तिसऱ्यांदा वाचताना मी वर पाहिलं तर त्यांचे डोळे भरलेले. "ह्या सगला तू लिवलास? आपला घर असा कागदावर येतं?" त्या वेळी मला जो अभिमान वाटला तसा पुढे नोकरीच्या पहिल्या दिवशीही वाटला नाही. आठव्या दिवशी गावची माणसं अर्ज घेऊन ऑफिसात गेली. तिथला कारकून म्हणाला, ठेवा आणि जा. बाबा सरळ फरशीवर बसले. "बाईंनी सांगितलाय, पोच घेतल्याबिगर उठायचा नाय." त्यांचं बघून बाकीचेही बसले. दुपारपर्यंत सगळ्या प्रतींवर शिक्के पडले. आमची पोच बाबांनी देव्हाऱ्यात ठेवली आणि आईने तिला हळदकुंकू वाहिलं, हे मी तुम्हाला लाजेने कधी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत गावातल्या तरुणांनी ठरवलं की या वर्षी सव्वीस तारखेला पोरांना झेंड्याला पाठवायचं नाही. आमची जमीन घेतात आणि वर सलामी कसली मागतात? खरं सांगू, मलाही ते पटलं होतं. तुम्ही पुन्हा ओटीवर आलात. या वेळी तुम्ही ओरडला नाहीत. "सरकार आपण नेमतो, दादा, आणि नाही पटलं तर आपणच काढतो. देश काही असा नेमलेला नसतो. त्यांच्यावर रागावून झेंडा त्यांच्या पदरात टाकून मोकळे होता होय? मग तुमच्याकडं राहिलं काय?" बाबा सुपारी कातरत राहिले. सव्वीसला मी एकटीच निघाले, गणवेश घालून, मान खाली घालून. झेंडा वर जाताना मागे वळून पाहिलं तर कुंपणाशी बाबा उभे. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, आणि सदऱ्याच्या खिशावर तळहात दाबून धरलेला. खिशात पोच होती. देव्हाऱ्यातून काढून आणली होती. त्यांच्यामागे हळूहळू आणखी पाचसहा माणसं येऊन उभी राहिली. त्या दिवशी मी राष्ट्रगीत असं बेंबीच्या देठापासून म्हटलं की घसा बसला.

आणि मग तो दिवस. तुम्ही ठाण्याला मीटिंगला गेला होतात. जमिनीच्या ऑफिसातले साहेब जीपमधून पाहणीला आले आणि शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. समोर आमचे अर्ज. सगळे मुलांच्या अक्षरातले, सगळ्यांची मांडणी एकसारखी. हेडगुरुजींना घाम फुटला होता. साहेबांनी वरचा अर्ज उचलला, तो माझा होता. मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, आवाज मऊ होता. "छान लिहिलंयस. कुणी शिकवलं, बाळ?" मला आईचं वाक्य आठवलं, तुमची नोकरी आठवली. मी म्हणाले, "कोनी नाय, साहेब. पुस्तकात हाय." "कुठल्या पुस्तकात? दाखव बघू." मी धावत जाऊन नागरिकशास्त्राचं पुस्तक आणलं आणि त्यांच्या हातात दिलं, कव्हरासकट! त्यांनी स्वतःची नोटीस पाहिली, खाली स्वतःची सही पाहिली, वर कोपऱ्यात माझं नाव पाहिलं. हेडगुरुजींनी डोळे मिटले. साहेबांनी पानं चाळून विचारलं, "यात हरकतीचं कुठे काय आहे?" मी म्हणाले, "मी आपल्या मनाने लिवलं. बाकीच्यांना पन मीच सांगितलं." ते उठले, तळ्यापलीकडे जाऊन एकेक घर मोजून आले आणि जीप निघून गेली. मला वाटलं, जिंकलं! बाईंना वाचवलं!

हेडगुरुजींकडून सगळं कळल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर मला व्हरांड्यात थांबवलंत. मी शाबासकीची वाट बघत होते. तुम्ही इतकंच विचारलंत, "खोटं बोललीस?" मी म्हणाले, "बाई, तुमची नोकरी..." "माझी नोकरी मी बघून घेईन. अर्जाच्या शेवटी काय लिहिलंयस तू? वरील मजकूर खरा आहे. लिहिलंयस ना? मग तोच कागद समोर असताना त्याच साहेबाला खोटं सांगितलंस. आता तुझा आंबा खरा आणि तुझी विहीर खरी, हे त्यानं का मानावं?" मला रडायला यायला लागलं, तर म्हणालात, "रडू नको. चप्पल घाल." आपण एसटीने त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाकावर बसून तुम्ही स्वतःच्या हाताने अर्ज लिहिलात, की या मुलांना हरकत कशी नोंदवायची ते मी शिकवलं, तो माझ्या विषयाचा भाग आहे असं मी समजते. साहेबांनी वाचलं. म्हणाले, "बाई, हे लेखी द्यायची काही गरज नव्हती." तुम्ही म्हणालात, "मला होती." आणि कार्बनची प्रत पुढे सरकवलीत. "पोच द्या." बाई, मी तेव्हा बारा वर्षांची होते, आणि त्या खोलीत तुमच्या पदराशेजारी उभं राहून मला असं वाटलं की आपल्या अख्ख्या देशात तुमच्याहून उंच कुणी नसेल.

त्याचं व्हायचं ते झालं. आधी खुलासा मागणारा मेमो आला, आणि जूनमध्ये जव्हारकडच्या एका पाड्यावर बदली. आईने तुमच्या ट्रंकेत तांदळाचं पीठ भरलं, तुम्ही म्हणालात, "आता मला पापड थापायला शिकावं लागणार तर." सगळं गाव फाट्यावर आलं होतं. मी तुमच्याशी बोललेच नाही. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात तरी मान वर केली नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरीला वियोगाचं दुःख झालंय. दुःख होतंच, पण राग त्याहून जास्त होता. मी एवढं सांभाळलं होतं आणि तुम्ही स्वतःहून जाऊन सगळं सांगून आलात!

दोन वर्षांनी निकाल लागला. शेत गेलं. त्याचं दुःख बाबांनी शेवटपर्यंत काढलं. पण तळ्यापलीकडची घरांची ओळ वगळली होती, एकूण एक घर. आमचं घर आजही तिथे आहे, आता त्याचे दोन मजले झालेत, आणि आंब्याला मध्ये घेऊन भावाने जिना काढलाय. पुढे ऐंशीच्या दशकात मला बेलापूरला एका सरकारी ऑफिसात नोकरी लागली, आवक-जावकच्या टेबलावर. लोक अर्ज घेऊन यायचे, एकच प्रत घेऊन, हात जोडून. मी त्यांना परत पाठवायची. "झेरॉक्स काढून आणा, शिक्का मारून देते. आणि हात कशाला जोडताय?" वरिष्ठ चिडायचे, तुम्ही लोकांना डोक्यावर चढवून ठेवता म्हणायचे. चढवते, म्हटलं. तिथेच एक दिवस जव्हारच्या शाळेचे एक गुरुजी काही कामाने आले, बोलता बोलता तुमचा विषय निघाला आणि तुम्ही आदल्या वर्षी गेल्याचं त्यांनी सांगितलं. म्हणाले, तिथल्या पोरांनाही त्या अर्ज लिहायला लावायच्या, पाड्यावर हातपंप आला तो त्यामुळेच. मी शिक्का हातात धरून तशीच बसून राहिले. रांगेतल्या बाईने विचारलं, "मॅडम, बरं नाय काय?" मी म्हणाले, "बरी आहे. आमच्या बाई होत्या." आणि रडता रडता मला हसू येत होतं, इतका तुमचा अभिमान वाटत होता. तुमच्या हाताखालून गेले म्हणून मला माझा देश परका वाटला नाही. ज्या वर्षी तो वाटण्यासारखा होता, त्या वर्षीसुद्धा नाही.

हे पत्र कुठेही टाकायचं नाही हे लिहायला बसतानाच ठरलं होतं. फक्त एक कबुली द्यायची राहिली आहे. तुमचं सगळं मी ऐकलं, बाई. दया मागितली नाही, वाचल्याशिवाय सही केली नाही, मतदान चुकवलं नाही, आणि त्या व्हरांड्यातल्या दिवसानंतर कुठल्याही कागदावर खोटा शब्द लिहिला नाही. पण उद्या पुन्हा कुणी साहेब खुर्ची टाकून बसला आणि मऊ आवाजात विचारू लागला की हे तुला कुणी शिकवलं, तर मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगेन, कोनी नाय, साहेब. एवढं एक मला तुमच्याकडून शिकता आलं नाही. म्हणूनच आज इतकी पानं लिहिली, तरी त्यात कुठेही तुमचं नाव लिहिलेलं नाही.